खिडकीपाशी कोणी बोलायचे?

एका वाचकाचे पत्र आले आहे. ते थोडे आटोपते घेऊन येथे देते.

«ताई, साताऱ्याजवळ पुणे-बंगळूरु महामार्गालगत एका फॅमिली हॉटेलात मी सात वर्षे वेटर होतो. यंदाच्या पाडव्याला मालकांनी मला मॅनेजर केले. बावीस टेबले आहेत आणि माझ्यासह सतरा माणसे. ज्यांच्याबरोबर मी टेबलांवर फडके मारले, तीच मुले आता माझे ऐकत नाहीत. काम सांगितले की ‘आले साहेब’ म्हणून हसतात. भटारखान्यात आमचे वस्ताद आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. हाताला चव आहे, पण तोंड फार कडू. गेल्या महिन्यात तीन मोठी भांडणे झाली. एका रविवारी दुपारी दीडच्या सुमारास एक वेटर चौथ्यांदा ‘सात नंबरचे काय झाले’ असे विचारायला गेला, तेव्हा मामांनी त्याच्यावर झारा उगारला. पुढच्या रविवारी एकाच मटण थाळीला दोन वेटरांनी हात घातला आणि रस्सा खिडकीत सांडला. नंतरच्या शनिवारी रात्री एक जुना मुलगा ॲप्रन खिडकीत फेकून निघून गेला, तो परत आलाच नाही. मी मध्ये पडलो की मामा म्हणतात, ‘कालपर्यंत पाणी वाढत होतास.’ मालक गल्ल्यावरून थेट मुलांना हाका मारतात आणि मी नाकारलेली सुट्टी देऊन टाकतात. कोणी उचल घेऊन पळून जाते. नेपाळची दोन मुले आहेत, त्यांच्याशी आपल्याकडची मुले धड बोलत नाहीत. मालक म्हणतात, कडक हो. मला कडक होताच येत नाही की काय, असे आता मलाच वाटू लागले आहे. पुढे कासचा सीझन आहे. मी काय करावे? आणि एक लहानसे विचारतो: मॅनेजर झाल्यावर मुलांबरोबर जेवायला बसावे का?»

तुमचे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाही ते स्वभावांचे पत्र वाटले. एक तोंडाळ वस्ताद, काही मत्सरी सोबती, एक हात सैल सोडणारा मालक आणि मध्ये सापडलेले तुम्ही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी पेन्सिल घेतली आणि भांडणांच्या जागा व वेळा कागदावर उतरवल्या. तिन्ही भांडणे शनिवार-रविवारची आहेत, तिन्ही भटारखान्याच्या खिडकीपाशी झाली आहेत आणि गेला महिना आषाढाचा होता, म्हणजे श्रावण लागण्यापूर्वी मटण खाऊन घेणाऱ्यांची जी झुंबड दरवर्षी उडते तिच्यातली ती आहेत. मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता मामांनी कोणावर झारा उगारल्याचे तुमच्या पत्रात कुठे नाही. माणूस मुळातच वाईट असता तर तो मंगळवारीही वाईट असता.

म्हणून कडक व्हावे की मऊ, हा तुमचा प्रश्न मी थोडा वेळ बाजूला ठेवते. आधी त्या खिडकीकडे पाहू.

सांगलीत आमच्या घरचे भोजनालय होते आणि त्याच्या गल्ल्यावर मी एकोणीस वर्षे बसले. तिथून भटारखान्याची खिडकी समोर दिसत असे, त्यामुळे तुमच्याकडे रविवारी दीड वाजता काय होत असेल हे मला न पाहताही दिसते. सहा वेटर खिडकीशी येऊन तोंडी ऑर्डर सांगतात, वस्तादांची पाठ खिडकीकडे आणि तोंड भट्टीकडे असते, तंदूरचा आवाज, भाकऱ्या थापल्याचा आवाज आणि मोरीतली भांडी यांच्यातून जे ऐकू येईल ते त्यांनी डोक्यात साठवायचे. दहा-बारा टेबलांच्या ऑर्डरी डोक्यात धरून ठेवणे ही लहान गोष्ट नाही. त्यातच ज्याचे गिऱ्हाईक कुरकुर करते तो वेटर पुन्हा येतो आणि ‘सात नंबरचे काय झाले’ म्हणून ओरडतो. त्याच्या ओरडण्याने सात नंबरचे जेवण लवकर होत नाही, फक्त डोक्यातली उतरंड एकदा कोसळते आणि वस्तादांना ती पुन्हा रचावी लागते. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याचे ताट आधी निघते, हे मुलांना चार दिवसांत कळते, आणि मग सगळेच ओरडतात.

याचे एक कारण मानाचे आहे आणि ते केवळ आपल्याकडचे नाही. १९४० च्या दशकात विल्यम फूट व्हाइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने शिकागोतील उपाहारगृहांचा बारकाईने अभ्यास केला. गर्दीच्या वेळी वाढणाऱ्या मुली कामाच्या मध्येच रडू लागतात ते का, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याला दिसले ते असे, की आचाऱ्याचा पगार आणि मान वाढणाऱ्यांपेक्षा मोठा असतो, पण गर्दीत हुकूम मात्र उलटा, म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे जात असतो, आणि तो आचाऱ्याला सहन होत नाही. जिथे ऑर्डर चिठ्ठीवर लिहून एका उभ्या सळईत खोचली जात होती, तिथे ही चकमक बरीच कमी होती, कारण आचारी कोणा पोराचे ऐकत नव्हता. तो स्वतःच्या हाताने चिठ्ठी उचलत होता, आणि चार चिठ्ठ्या एकत्र पाहून कोणता पदार्थ आधी टाकायचा हे स्वतः ठरवत होता. ‘कालपर्यंत पाणी वाढत होतास’ हे मामांचे वाक्य तुम्हाला जिव्हारी लागले आहे. पण त्यातला अर्धा राग तुमच्यावर नसून हुकमाच्या त्या उलट्या वाटेवर आहे, असे मला वाटते.

तेव्हा पहिले काम म्हणजे चिठ्ठी. मोठ्या हॉटेलांत तिला केओटी म्हणतात, तुम्ही काहीही म्हणा. कार्बन घातलेले लहान पुस्तक प्रत्येक वेटरला द्या. वरची प्रत खिडकीत, खालची गल्ल्यावर. तिच्यावर टेबलाचा नंबर, वेटरचे नाव आणि घड्याळातली वेळ, एवढे असलेच पाहिजे, आणि वेळ नसलेली चिठ्ठी खिडकीने घेऊ नये. खिडकीच्या वर एक तार बांधून तिला चिमटे लावा, म्हणजे चिठ्ठ्या आलेल्या क्रमाने डोळ्यासमोर राहतील आणि तीन टेबलांचा अख्खा मसूर एकाच कढईत टाकता येतो हे मामांना न सांगता दिसेल. ताट तयार झाले की त्याची चिठ्ठी वाटीखाली दाबून ताट पुढे सरकवायचे. तुमच्याकडे एका थाळीवर दोघांनी हात टाकला, त्याचे कारण त्या थाळीवर कोणाचेच नाव नव्हते.

हे करताना एक गोष्ट सांभाळा, कारण मी ती सांभाळली नव्हती. आमच्याकडे मी मोठ्या उत्साहाने चिठ्ठ्या सुरू केल्या आणि आमच्या वस्तादांनी त्या पहिल्याच दिवशी चुलीत घातल्या. मी तो हट्ट समजले. दोन-तीन आठवडे आमची धुसफूस चालली, आणि मग एका दुपारी मी पाहिले की हातातली चिठ्ठी त्यांनी उलटी धरली होती आणि तिच्याकडे पाहून ते मान हलवत होते. त्यांना वाचता येत नव्हते आणि पंचवीस वर्षांच्या नोकरीत ते कोणाला कळू दिलेले नव्हते. मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशीपासून चिठ्ठीवर थाळीला गोल, मटणाला आडवी रेघ, भाकरीला टिंब अशा खुणा सुरू केल्या आणि ‘मुलांचे अक्षर फार वाईट आहे, कोणालाच लागत नाही’ असे सगळ्यांसमोर सांगितले. तुमच्या मामांचे असे आहे की नाही हे तुम्ही हळूच पाहून घ्या, विचारू नका.

दुसरे काम तुमच्या स्वतःच्या उभे राहण्याच्या जागेचे आहे. गर्दीच्या दोन-अडीच तासांत तुम्ही हॉलमध्ये फिरत असाल, गिऱ्हाइकांना नमस्कार करत असाल आणि मध्येच पाण्याचे जग उचलत असाल, कारण सात वर्षांची ती सवय आहे. त्या वेळात तुमची जागा खिडकी आहे. वेटरने चिठ्ठी तारेला लावून निघून जायचे. मामांशी बोलायचे ते फक्त तुम्ही, आणि तेही थोडे आणि हळू. सात नंबरचे काय झाले, हे वेटरने तुम्हाला विचारायचे, आणि तुम्ही तारेकडे पाहून ‘अजून आठ मिनिटे, तोवर पापड दे’ असे उत्तर द्यायचे. आठ मिनिटे सांगून नऊ लागली तर गिऱ्हाईक रागावत नाही; ‘येतंय, येतंय’ हे चार वेळा ऐकले की मात्र हटकून रागावते. मालक म्हणतील की चिठ्ठी लिहिण्यात वेळ जातो. तो जातो हे खरे, पण एखाद्या रविवारी एका वेटरच्या खिडकीकडच्या रिकाम्या फेऱ्या मोजून त्यांच्यापुढे ठेवा.

तुम्ही खिडकीपाशी राहिलात तर हॉल कोणी पाहायचा, हे ओघाने आलेच. तुमच्यापेक्षा जुना किंवा तुमच्या बरोबरीचा एखादा वेटर त्या सहांत असेल, आणि पाडव्याला ही जागा आपल्याला मिळेल असे त्याला वाटले असण्याचा संभव आहे. ‘आले साहेब’ हे बहुधा त्याच्याकडूनच सुरू झाले असेल. त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की शनिवार-रविवारचा हॉल तुझा, कोणत्या वेटरला कोणती टेबले हे तू लावायचे, आणि बाहेर थांबलेल्यांची नावे लिहायची ती वही तुझ्याकडे. हे नुसते गोड बोलणे होऊ देऊ नका. त्याने टेबले लावली की त्यात ढवळाढवळ करू नका, तुम्हाला ती वेगळी लावावीशी वाटली तरी. यासाठी महिन्याला काही रक्कम वाढवून द्यावी असे मालकांना सुचवा, आणि ते नाही म्हणाले तर तसे त्याला खरे सांगा.

आता मामा. वस्तादाशी बोलायची वेळ सकाळी साडेआठ-नऊची असते, जेव्हा कांदा-खोबरे भाजून वाटण व्हायचे असते, हात कामात असतात आणि डोके मोकळे असते. भर दुपारी जे बोलाल ते भांडणच होईल. सकाळी जाऊन त्यांना गेल्या रविवारबद्दल जाब विचारू नका. येत्या रविवारी किती किलो मटण घ्यायचे, भाकरीवाल्या मावशींना किती वाजता बसवायचे आणि कोणता पदार्थ एक वाजल्यानंतर बंद करायचा, हे विचारा. गर्दीच्या तासात कार्डावरचे सगळेच पदार्थ दिले पाहिजेत असे नाही, आणि कोणते वगळायचे हे भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला जेवढे कळते तेवढे तुम्हाला किंवा मालकांना कळत नाही. त्यांनी सांगितलेले फळ्यावर लिहा. एवढे झाल्यानंतर मग एकच गोष्ट त्यांना शांतपणे आणि आदराने सांगा: मामा, मुलांचे चुकले तर मला सांगा, मी पाहतो, पण झारा परत उगारू नका, कोणाच्या अंगावर हात गेला तर ते प्रकरण मग माझ्या किंवा तुमच्या हातात राहणार नाही. येथे मऊपणा नको. चव कितीही असली तरी मारहाणीला सूट नाही, आणि हे वाक्य बोलण्यापूर्वी मालक तुमच्या पाठीशी आहेत की नाहीत हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

मालकांविषयी मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातल्या मंडळींपैकी मी सर्वांत जास्त त्यांच्यासारखी होते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सगळा हॉल दिसतो आणि हाताला काम थोडे असते. दोन नंबरला पाणी नाही, पाच नंबरचे बिल राहिले, असे दिसले की तोंडातून हाक निघून जाते. मला त्यात काही चूक वाटत नसे, उलट आपले लक्ष आहे याचा अभिमान वाटे. आमच्याकडे एक चांगला मॅनेजर होता, तो दिवाळीनंतर सोडून गेला आणि जाताना घरच्या अडचणीचे कारण सांगून गेला. पुढे वर्षभराने एका वेटरकडून कळले की मुलांनी त्याला काही विचारणेच बंद केले होते, कारण तो ‘नाही’ म्हणाला तरी गल्ल्यावर ताईंकडे ‘हो’ मिळत असे. सुट्टी देताना मी उदार होत होते आणि त्याचे मोल तो भरत होता. त्याने मला एकदा तरी बसवून हे सांगायला हवे होते असे मला अजूनही वाटते. मात्र मी ते ऐकले असते की नाही, याची खात्री मी आज देऊ शकत नाही.

तुम्ही सांगा. सोमवारी सकाळी, गल्ला उघडण्याआधी, चहा घेताना सांगा, आणि तक्रारीच्या सुरात नको. ‘तुम्ही माझा मान ठेवत नाही’ असे म्हटले की मालकांना तो रुसवा वाटेल. त्याऐवजी तीन बाबी मागून घ्या. सुट्टी आणि उचल यांबद्दल कोणी गल्ल्यावर आले तर त्यांनी फक्त ‘मॅनेजरला विचार’ एवढेच म्हणायचे, मग त्यांना स्वतःला द्यायची असली तरी ती तुमच्यामार्फत द्यायची. हॉलमध्ये काही खटकले तर हाक तुम्हाला मारायची, मुलाला नाही. आणि रोज रात्री गल्ला मोजताना दहा मिनिटे तुमच्याशी बोलायचे, तेव्हा त्यांनी दिवसभरात पाहिलेले सगळे सांगावे, तुम्ही लिहून घ्याल. ही तिसरी बाब सर्वांत उपयोगी पडते, कारण मालकांची हाक ही बहुतेक वेळा आपले कोणी ऐकत नाही या भीतीतून येते, आणि आपले बोलणे वहीत उतरते आहे हे दिसले की ती निम्म्याने कमी होते. पहिल्याच आठवड्यात ते विसरतील. विसरले की तिथल्या तिथे त्यांना टोकू नका. मुलाला काम करू द्या आणि रात्रीच्या त्या दहा मिनिटांत आठवण करून द्या.

उचलीचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका स्वभावाचा नाही. मुलगा उचल घेऊन पळतो, तेव्हा बहुतेक वेळा ती फेडून हातात काही उरणार नाही अशी रक्कम त्याला दिलेली असते, आणि जुन्या हॉटेलातली उरलेली उचल टाकून नव्या हॉटेलात नवी उचल घेणे त्याला सोपे वाटते. उचल किती महिन्यांच्या पगाराइतकी द्यायची याला मर्यादा घाला, हप्ता आधी ठरवा, वहीत दोघांच्या सह्या घ्या आणि दर महिन्याला शिल्लक त्याला तोंडाने वाचून दाखवा. त्याचबरोबर काच फुटली, बिल न देता गिऱ्हाईक गेले, म्हणून सरसकट पगार कापण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती बंद करा. वेतनाच्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा त्या काळातल्या पगाराच्या ३ टक्के आहे आणि ज्याला दंड करायचा त्याला आपली बाजू मांडू दिल्याशिवाय तो करता येत नाही. हे अनेक मालकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक झाल्यावर आवडत नाही.

बक्षिसीचे तुम्ही लिहिलेले नाही, पण विचारते: गिऱ्हाईक मोबाइलवरून बिल देताना वरचे पन्नास रुपये मालकांच्या खात्यात जातात, त्यांचे काय होते? तसे होत असेल तर ती रक्कम त्याच दिवशी वहीत लिहून रात्री रोख वाटा, आणि मोरीतल्या दोघांना त्यात वाटा ठेवा.

सुट्ट्यांचे कोष्टक मात्र आत्ताच, या श्रावणात करा, कारण तुमच्यासारख्या हॉटेलाला वर्षातला हाच निवांत महिना असतो आणि चिठ्ठीची सवय लावायलाही हाच बरा. आठवड्याला सलग २४ तासांची एक सुट्टी, हे २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यातले माप आहे, तेच धरून चाला. रविवार, बुधवार आणि शुक्रवार हे मटणाचे वार सोडून, आणि शनिवारची रात्र सोडून, उरलेल्या वारांत सुट्ट्या फिरवता येतात. वर्षाच्या मोठ्या सुट्ट्या वेगळ्या. कोणाच्या गावची यात्रा कधी असते हे प्रत्येकाला विचारून एका कागदावर लिहा: बावधनच्या बगाडाला रंगपंचमीला वाईकडचा मुलगा राहणारच नाही, पालीच्या खंडोबाला आणि मांढरदेवीला पौषात दोघे-तिघे जाणारच, चैत्र-वैशाखात तर गावोगावच्या जत्रा. तुम्ही नाही म्हटलेत तरी ते जाणार आहेत. फरक इतकाच, की आधी लिहिलेले असले तर ती सुट्टी होते आणि नसले तर खाडा. हा कागद भिंतीवर लावला म्हणजे गल्ल्यावर जाऊन सुट्टी मागण्याचेही कारण उरत नाही.

त्याच कागदात नेपाळच्या दोन मुलांचा दसराही लिहा. त्यांच्याकडे तो सण फार मोठा, दशैं म्हणतात त्याला, आणि तो आपल्या नवरात्रातच येतो. नवरात्रात आपल्याकडे सामिष जेवण पुन्हा उतरते, म्हणजे त्यांना पंधरा दिवस सोडायला याहून चांगली वेळ नाही, पण कासची गर्दी तेव्हा संपत आलेली असते की भरात असते, हे त्या वर्षीच्या पंचांगावर आणि पावसावर अवलंबून राहते. तेव्हा तारखा त्यांच्याबरोबर बसून ठरवा. आपल्या मुलांचे त्यांच्याशी बोलणे नाही, याला मी फार मोठा उपाय सांगत नाही. त्यांना ‘ए नेपाळी’ म्हणून हाक मारायची नाही, नावाने मारायची, एवढा नियम करा आणि तो स्वतः पाळा. आणि त्यांतल्या एकाची पाळी एखाद्या बोलक्या मुलाबरोबर पार्सलच्या कामावर लावा, कारण पार्सल बांधताना दोघांना एकमेकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नसते.

एक छोटी गोष्ट राहिली. कोणाला जुलाब, उलटी किंवा ताप असला तर त्याचा खाडा मांडू नका. मांडलात तर तो दुखणे लपवून भाकरीच्या पिठात हात घालील, आणि मग त्याची किंमत एका दिवसाच्या पगाराहून फार मोठी असेल. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी असा अन्नसुरक्षेचा नियम आहेच. तीही याच महिन्यात उरकून घ्या.

आता तुमच्या ‘कडक’ या शब्दाकडे येते. मालक ज्याला कडक म्हणतात ते बहुधा मोठ्याने बोलणे असते, आणि ते तुम्हाला जमत नसेल तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. मुलाला काही सांगायचे असेल ते हॉलमध्ये सांगू नका. गिऱ्हाइकापुढे बोलणे खाल्लेला मुलगा दिवसभर ताटे आपटतो. मागच्या दारी, एकट्याला, त्याच दिवशी, आणि नेमके काय झाले ते सांगा. ‘तू हल्ली लक्ष देत नाहीस’ याला काही अर्थ नाही; ‘आज एक वाजून दहा मिनिटांनी नऊ नंबरची चिठ्ठी लावली नाहीस, ते लोक चाळीस मिनिटे बसले’ याला आहे, आणि चिठ्ठीवर वेळ असल्यामुळे त्यावर वादही होत नाही. तीन वेळा तेच झाले तर चौथ्या वेळी त्याला रविवारच्या हॉलमधून काढून आठवडाभर पार्सलवर पाठवा आणि असे होईल हे दुसऱ्याच वेळी सांगून ठेवा. मागच्या दारी ते तुम्हाला जुन्या नावाने हाक मारोत, थट्टा करोत, हरकत नाही; हॉलमध्ये मात्र नाही, एवढी सीमारेषा त्यांना एकदा सांगा. हसतील. चार-सहा आठवडे हसतील, कारण त्यांनाही तुमच्याशी नव्याने कसे वागावे हे कळत नाही.

ॲप्रन फेकून गेलेल्या मुलाला फोन करा. त्याने परत यावे म्हणून नव्हे. त्याचा उरलेला पगार तयार आहे, घेऊन जा, हे सांगायला. तो आला आणि चहा प्यायला तर त्या शनिवारी नेमके काय झाले ते विचारा, कारण खिडकीच्या बाहेरच्या बाजूने काय दिसते हे तुम्हाला सांगणारा आणि आता कोणाला न भिणारा तोच एक आहे.

कासचे नाव २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आणि फुलांच्या दिवसांतले शनिवार-रविवार म्हणजे काय असते हे सात वर्षे वाढलेल्या तुम्हाला मी सांगायला नको. तोवर चार-पाच रविवार तुमच्या हातात आहेत. पहिल्या रविवारी नुसती चिठ्ठी आणि तार. दुसऱ्या रविवारी तुम्ही खिडकीपाशी आणि हॉल त्या जुन्या वेटरकडे. बाकीचे पाठोपाठ.

जेवणाबद्दल विचारलेत. बसा, जरूर बसा, पूर्वी बसत होतात तिथेच. फक्त ताट सगळ्यांच्या शेवटी घ्या. आमच्याकडे रविवारी मुलांचे जेवण चार वाजता होई, आणि शेवटचे ताट नेहमी मोरीतल्या बाईंचे असे; त्यांच्या वाट्याला नुसता भात आणि रश्श्याचे पाणी उरते, हे मला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते, कारण मी घरी जेवत असे. तुमच्या ताटात तसे आले तर सोमवारी सकाळी मामांना सांगून रविवारच्या मुलांसाठी किलोभर मसूर वेगळा शिजवायला लावा, आणि भाकरीवाल्या मावशींना वीसेक भाकऱ्या गिऱ्हाइकांच्या आधी थापून फडक्यात बांधून ठेवायला सांगा.